दिव्यामागची वायर

जुन्या डॅटसन २४०झेडचे इंजिन चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर धरला, तर आकडा साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसतो. मग हेडलाइट लावून तोच मीटर दिव्यामागच्या कपलरवर धरावा. ज्या गाडीच्या वायरिंगला पन्नास वर्षांत कोणी हात लावलेला नाही, तिथे १२ दिसले तरी नशीब म्हणायचे. मधले दीड-दोन व्होल्ट कुठे गेले, याचा शोध म्हणजे हे पुस्तक.

दीड-दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण फिलामेंटच्या बल्बचा हिशेब सरळ नसतो. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के उतरले की उजेड तीस टक्के उतरतो. मालकाला दिसतो तो पिवळट, मरगळलेला झोत. तो दुकानात जातो आणि जास्त वॅटचा बल्ब घेऊन येतो. जास्त वॅट म्हणजे जास्त करंट, आणि जास्त करंट म्हणजे त्याच थकलेल्या वायरिंगमध्ये आणखी व्होल्ट खर्ची. चार दिवस उजेड बरा वाटतो, मग कधीतरी स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जळका वास येऊ लागतो. जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांच्या दिव्यांबद्दल जगभर जे लिहिले-बोलले जाते, त्यातले अर्धेअधिक याच साखळीभोवती फिरते.

या गाड्या आल्या तो काळ आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. होंडाने १९६३ मध्ये एस५०० ही चिमुकली उघडी गाडी काढली. १९६७ मध्ये माझदाची रोटरी इंजिनवाली कॉस्मो स्पोर्ट आणि टोयोटाची २०००जीटी बाजारात आली. मे १९६९ मध्ये तोमेई महामार्ग पूर्ण खुला होऊन टोकियो आणि नागोया सलग जोडले गेले, आणि त्याच वर्षी निसानने स्कायलाइन जीटी-आर आणि फेअरलेडी झेड आणली. ही फेअरलेडी अमेरिकेत डॅटसन २४०झेड या नावाने गेली. तिच्यामागे निसानच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख युताका कातायामा यांचा आग्रह होता, आणि तिची रेखा योशिहिको मात्सुओ यांच्या चमूची. यातल्या मोठ्या गाड्या ताशी दोनशेच्या घरात जाणाऱ्या होत्या, पण त्यांच्या तोंडावरचे दिवे कुठल्याही घरगुती सलून गाडीला असत तेच होते. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. अशा साध्या दिव्याच्या डिप्परमध्ये समोरचा गडद कपड्यातला माणूस पन्नास-साठ मीटरवर दिसला, तर चालकाच्या हाती दोन सेकंद उरतात.

दिवे असे का होते, याचे उत्तर बरेचसे अमेरिकी कायद्यात आहे. अमेरिकेने १९४० पासून सील्ड बीम सक्तीचा केला: काच, परावर्तक आणि फिलामेंट यांचा एकच बंद डबा, सात इंची आणि गोल. बल्ब गेला की सगळा दिवा फेकायचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पावणेसहा इंची चार दिव्यांची जोडणी मान्य झाली, सत्तरच्या दशकाच्या मध्यात चौकोनी दिवे आले, पण बल्ब बदलता येणारा हेडलाइट अमेरिकेत कायदेशीर व्हायला १९८३ उजाडले. या काळात युरोप पुढे निघून गेला होता. तिथे १९६२ मध्ये एच१ हा पहिला हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये एच४. एच४ मध्ये अप्पर आणि डिप्पर अशी दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात होती, ६० आणि ५५ वॅटची. जपानी कारखान्यांचे परदेशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते, म्हणून गाडीचा चेहरा अमेरिकी मापानेच बेतला गेला. दिव्यावर पारदर्शक झाकण नको, असा अमेरिकी नियम होता, आणि त्यापायी जॅग्वार ई-टाइपलाही आपल्या काचा उतरवाव्या लागल्या होत्या. झेडचे दिवे ज्या खोलगट खोबणीत बसतात, त्या खोबणीवर झाकण मिळाले ते जपानमधल्या १९७१ च्या २४०झेडजीला.

या बंधनाचा एक फायदा मात्र आज प्रत्येक मालक उपभोगतो. सात इंची गोल दिवा हे जगातले सर्वांत सार्वत्रिक माप आहे. २४०झेडला जो दिवा बसतो, त्याच मापाचा दिवा महिंद्राच्या जीपला, अँबेसेडरला आणि बुलेटलाही बसत आला आहे. हेला, सिबिए, मार्शाल, कोइतो अशा नावाजलेल्या कंपन्यांनी या मापात काच आणि परावर्तक बनवले, ज्यांत मागून एच४ बल्ब घालता येतो. सील्ड बीम काढून असा दिवा बसवणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत शहाणपणाची सुधारणा आहे.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक इंग्रजी पुस्तिका तो ओलांडून पुढे जातात, कारण त्या अमेरिकी वाचकासाठी लिहिलेल्या असतात. डिप्परचा झोत सममित नसतो. युरोपीय पद्धतीत त्याची वरची कड एका बाजूला सपाट असते आणि रस्त्याच्या कडेकडे पंधरा अंशांनी वर चढते. त्यामुळे कडेचा पादचारी आणि पाटी दिसते, आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात कड उजवीकडे, तर जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारतात डावीकडे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत न गंजता राहिलेल्या कित्येक झेड पुढे ब्रिटनला आणि खुद्द जपानलाही परत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर उजव्या बाजूच्या वाहतुकीचे दिवेही गेले. अशा दिव्याचा चढता झोत समोरून येणाऱ्याच्या थेट तोंडावर पडतो. ओळखायची खूण सोपी आहे. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या युरोपीय मानकाच्या काचेवर एक आडवा बाण कोरलेला असतो आणि दिव्याकडे समोरून पाहिले की त्याचे टोक आपल्या उजवीकडे असते. उजव्या बाजूच्या काचेवर बाणच नसतो. दिवा विकत घेताना कंपनीच्या नावाआधी हा बाण पाहावा.

लपणाऱ्या दिव्यांची गोष्ट वेगळीच. टोयोटा २०००जीटीचे नाक इतके खाली होते की अमेरिकेला हवी तेवढी दिव्याची उंची मिळेना, म्हणून तिच्या बॉनेटमधून वर उठणारे दिवे दिले गेले. समोर काचेआड दिसणारे मोठे दिवे हे तिचे जादा दिवे. या गाड्या जेमतेम ३५१ बनल्या, पण त्यांनी पायंडा पाडला. १९७८ ची माझदा आरएक्स-७, १९८२ ची होंडा प्रेल्यूड, १९८३ ची टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, १९८४ ची एमआर२, १९८६ ची सुप्रा, १९८९ ची माझदा एमएक्स-५ आणि १९९० ची होंडा एनएसएक्स या सगळ्या डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या गाड्या. ट्रुएनोची जुळी बहीण कोरोला लेविन हिचे दिवे साधे, स्थिर होते. तरी आज भाव ट्रुएनोला अधिक, आणि त्याचे श्रेय बरेचसे शुइची शिगेनो यांच्या १९९५ पासून आलेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेला जाते. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक होत गेले आणि २००४ मध्ये जगातल्या शेवटच्या लपणाऱ्या दिव्यांच्या गाड्या, शेव्हरले कॉर्व्हेट सी५ आणि लोटस एस्प्री, बंद झाल्या.

देखभालीच्या दृष्टीने असा दिवा म्हणजे एका दिव्याऐवजी दिवा, मोटर, गिअर, रिले आणि मर्यादा-स्विच यांची मोळी. मोटरचे प्लास्टिकचे गिअर आणि बुश झिजतात. स्विचचे संपर्क काळवंडतात आणि एक डोळा उघडा, एक मिटलेला अशी गाडी रस्त्यावर दिसते. शिवाय दिव्याकडे जाणाऱ्या वायरी प्रत्येक उघडझापीत वाकतात, आणि वर्षानुवर्षे वाकून आतली तांब्याची तार तुटते, बाहेरचे प्लास्टिक मात्र शाबूत राहते. मीटरने पाहिले तर वायर अखंड आहे, दिवा वर आला की खंडित. एमएक्स-५ च्या मोटरवर रबरी टोपीखाली एक मूठ आहे, तिने दिवा हाताने वर आणता येतो. आपल्या गाडीत अशी मूठ कुठे आहे हे मालकाने दिवसाउजेडी शोधून ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वायरिंगकडे. २४०झेडमध्ये हेडलाइटसाठी रिलेच नव्हता. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजिबल लिंकमधून डॅशबोर्डवरच्या अँमीटरमध्ये, तिथून गिअरच्या दांड्याजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये, मग स्टिअरिंगवरच्या स्विचमध्ये आणि शेवटी दिव्यांपर्यंत जाई. ५५ वॅटचे दोन डिप्पर म्हणजे नऊ अँपिअर. हा सगळा करंट बोटाच्या नखाएवढ्या पितळी संपर्कांमधून जायचा. नवीन असताना त्यांना काही होत नाही. पण फ्यूजच्या काचेच्या नळीला धरणारे चिमटे सैल पडतात, फ्यूजबॉक्सच्या पाठीमागचे रिव्हेट काळे होतात, आणि जोडात समजा ०.०५ ओहम एवढा प्रतिरोध येतो. नऊ अँपिअरला तिथे चार वॅट उष्णता तयार होते. चार वॅट प्लास्टिकला तपकिरी करायला पुरेसे आहेत. आता तिथे १०० वॅटचे दोन बल्ब लावले की करंट जवळजवळ सतरा अँपिअर, आणि त्याच जोडात चौदा वॅट. करंट दुप्पटही झाला नाही, उष्णता मात्र साडेतीन पट, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. या गाड्यांचे वितळलेले फ्यूजबॉक्स जगभर विकायला आणि बदलायला येतात, त्यामागे एवढेच गणित आहे. यात आश्चर्य असे की अनेकदा वितळलेला जोड हेडलाइटचा नसतो, तर पार्किंगच्या छोट्या दिव्यांचा असतो. तिथे करंट कमी असतो, पण गंजाकडे पाहायला कोणी गेलेले नसते.

यावरचा इलाज म्हणजे रिले. विहिरीवरची मोटर शेतकरी घरातल्या बटनावर चालवत नाही, स्टार्टरच्या पेटीतून चालवतो. बटन फक्त पेटीला हुकूम देते आणि मोठा करंट पेटी सांभाळते. इथेही तेच. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून जाड वायर, ८७ वरून दिव्याला, आणि ८५-८६ मधल्या गुंडाळीला जुन्या स्विचमधून येणारा पाव अँपिअरहूनही कमी करंट. स्विचला निवृत्ती मिळते, दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळते. एवढे एक काम नीट केले तर मूळ ५५ वॅटचा बल्बच इतका खुलतो की पुष्कळांना पुढे काही करावेसे वाटत नाही.

आणि तरीही बाजारातला तयार रिले-संच आणून जोडला की झाले, असे जपानी गाड्यांत होत नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांत, झेडमध्ये आणि अनेक टोयोटांमध्ये, अप्पर-डिप्परचा स्विच धन बाजूला नसून ऋण बाजूला असतो. म्हणजे दिव्याला धन वायर सतत मिळते आणि स्विच त्याची अर्थिंग जोडतो किंवा तोडतो. युरोपीय आणि अमेरिकी संच याच्या उलट समजुतीने बनवलेले असतात. ते जसेच्या तसे जोडले तर अप्पर लागतच नाही, किंवा डॅशबोर्डवरचा निळा दिवा भलत्या वेळी पेटतो. एलईडीचे बल्ब तर इथे हमखास गोंधळ घालतात, कारण फिलामेंटला धन-ऋणाचे सोयरसुतक नसते, एलईडीला असते. हे एक प्रकरण जरी वाचकाने लक्ष देऊन वाचले, तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

रंगांचेही तसेच. जपानी वाहन-मानकात वायरच्या मूळ रंगावरून तिचे काम कळते: पांढरी चार्जिंगची, लाल दिव्यांची, हिरवी सिग्नलची, पिवळी मीटरांची, काळी स्टार्टिंगची आणि अर्थिंगची, निळी इतर कामांची. आपल्याकडच्या जुन्या वायरमन मंडळींचे हात ल्युकसच्या रंगांवर बसलेले आहेत. ल्युकस-टीव्हीएस १९६१ पासून इथे आहे आणि दोन-तीन पिढ्या त्यावरच घडल्या. ल्युकसमध्ये हेडलाइट निळ्या वायरीवर असतो आणि तपकिरी वायर कायम जिवंत असते. जर्मन गाडीत तीच तपकिरी वायर अर्थिंग असते. अनुभवी वायरमन रंग पाहून आत्मविश्वासाने हात घालतो आणि नेमका तिथेच शॉर्ट होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात आकृती द्यायला हवी.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. २४०झेडचा अल्टरनेटर पन्नास अँपिअरच्या आतबाहेरचा आणि त्याचा व्होल्टेज रेग्युलेटर, गॅरेजच्या बोलीतला कटआउट, वेगळ्या डबीत. १९७८ पासून निसानने रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटातच घातला, आणि ६० अँपिअरचा तो नवा अल्टरनेटर जुन्या झेडला बसवणे ही मालकांची आवडती सुधारणा झाली. चांगलीच आहे. फक्त जुना अँमीटर सगळा करंट स्वतःतून वाहून नेतो, हे विसरून चालत नाही. अल्टरनेटर वाढवला आणि रिले, पंखे, स्टिरिओ जोडत गेले, तर सर्वांत अशक्त दुवा डॅशबोर्डच्या आत, चालकाच्या गुडघ्यांसमोर असतो. अनेक जाणकार तो काढून तिथे व्होल्टमीटर लावतात.

या क्षेत्रात विचारांचे तीन प्रवाह दिसतात, आणि त्यांच्यात जुंपते ती चांगलीच. पहिला मूळपणाचा आग्रह धरणारा. त्याच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी, अगदी हार्नेसवरच्या टेपसकट. जपानी कंपन्यांनी अलीकडे या मंडळींना बळ दिले आहे. निसानने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरचे जुने सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि त्यांत वायरिंग हार्नेसही होते. माझदाने पहिल्या एमएक्स-५ चे पुनरुज्जीवन हाती घेतले, टोयोटाने २०००जीटी आणि सुप्राचे भाग. दुसरा प्रवाह त्या काळाला शोभेल एवढीच सुधारणा मान्य करणारा: एच४ दिवा, लपवलेला रिले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. १९७९ नंतरच्या २८०झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर २४०झेडला लावणारे हे लोक. अशा बदलात २४०झेडचा टॅकोमीटर कधी कधी रुसतो, कारण तो कॉइलकडे जाणाऱ्या करंटवर चालतो आणि नवी इग्निशन तो करंट बदलते. तिसरा प्रवाह सगळे जुने वायरिंग उतरवून ठेवून नव्याने विणणारा. पात्याचे फ्यूज, कथिलाचा मुलामा दिलेली सागरी प्रतीची तार, इंजिनासाठी स्वतंत्र संगणक, दिवे एलईडीचे.

माझा कल दुसऱ्या प्रवाहाकडे आहे, हे लपवत नाही. संग्रहालयातल्या गाडीला मूळ फ्यूजबॉक्स शोभतो. रात्री घाट उतरणाऱ्या गाडीला तो ठेवण्याचा हट्ट मला कळत नाही, विशेषतः जेव्हा रिले अशा जागी बसवता येतो की स्पर्धेतल्या परीक्षकालाही तो दिसणार नाही. नव्याने विणणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे, पण त्यांच्यातल्या कित्येकांनी अजून दुरुस्त होण्याजोगे हार्नेस कचऱ्यात टाकले. पन्नास वर्षांची तांब्याची तार सहसा टोकांजवळच मरते. कपलर आणि थिंबल बदलून, दोन-चार इंच काळी पडलेली तार कापून नवी जोडली, तर मधला भाग पुष्कळदा ठणठणीत निघतो.

एलईडीवर या पुस्तकाची भूमिका कडक आहे आणि ती मला पटते. एच४ चा परावर्तक एका ठराविक जागी असलेल्या, ठराविक लांबीच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. त्या जागी झेनॉनची कमान किंवा एलईडीच्या चिप बसवल्या की उजेड भरपूर होतो, पण तो कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. चालकाला स्वतःच्या नाकापुढचा रस्ता झगझगीत दिसतो, म्हणून तो खूश असतो. समोरून येणारा आंधळा होतो. जर्मनीने २०२० पासून काही एलईडी बल्बांना परवानगी दिली, तीही ठराविक गाड्यांच्या ठराविक दिव्यांपुरती, चाचण्या झाल्यावर. संपूर्ण सात इंची एलईडी दिवा, ज्यात काच, परावर्तक आणि चिप एकत्र घडवलेले आणि प्रमाणित केलेले आहेत, ही गोष्ट निराळी. तो घेतला तर चालेल. मात्र तो गरम होत नाही, म्हणून होक्काइदोसारख्या ठिकाणी त्याच्या काचेवर बर्फ साचून राहतो, आणि इंडिकेटरही एलईडीचे केले तर जुना तापणारा फ्लॅशर नीट लपलपतच नाही.

या विषयाची दुसरी पिढीही आता वयात आली आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत रिले आहेत, फ्यूज चांगले आहेत, पण त्यांच्या पोटात छापील सर्किटे आहेत. त्यांवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांनी गळू लागतात आणि तो द्रव तांब्याच्या वाटा खाऊन टाकतो. एनएसएक्सचा वातानुकूलनाचा नियंत्रक याच रोगाने जातो. इंजिन अडखळते, एसी मनाला येईल तसा वागतो, आणि मालक सेन्सर बदलत बसतो. त्याआधीची २८०झेड इंधन-इंजेक्शन घेऊन १९७५ मध्ये आली; तिच्यात संगणक बिघडला म्हणून बदलले गेलेले कित्येक डबे निर्दोष होते, बिघाड कपलरच्या हिरव्या पडलेल्या पिनांत होता. विजेच्या कामात महाग भागावर आधी संशय घेण्याची सवय मोडणे, हा या पुस्तकाचा न लिहिलेला उद्देश मला वाटला.

मग हे आत्ताच का, आणि मराठीत का? आत्ता, कारण स्वस्त एलईडीने बाजार भरला आहे आणि नियम मागून धावत आहेत. जपानमध्ये वाहन-तपासणीत, म्हणजे शाकेनमध्ये, ऑगस्ट १९९८ पर्यंत बनलेल्या गाड्यांचे दिवे अप्परवर तपासता येतात, त्यानंतरच्यांचे डिप्परवर. २००५ अखेरपर्यंतच्या गाड्यांना पिवळे हेडलाइट चालतात, पुढच्यांना नाहीत. जुन्या गाड्यांना सवलत आहे, पण सवलत म्हणजे चांगला दिवा नव्हे. मराठीत, कारण या गाड्या महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्या तरी त्या चालवणारे मराठी लोक कॅलिफोर्निया, मेलबर्न आणि टोकियोत आहेत. आणि इथे मारुती ८०० आणि जिप्सी जपणारी मोठी मंडळी आहे, ज्यांच्या गाड्या जपानी घराण्यातल्याच आहेत. दिव्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे, चाकण-पिंपरीत वायरिंग हार्नेस विणणारे हात हजारोंनी आहेत, पण जुन्या गाडीच्या वायरिंगवर मराठीत सलग वाचायला मिळेल असे फारसे काही नाही. आपल्या कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तांब्याला अमेरिकेच्या मिठाळ हिवाळी रस्त्यांइतकेच छळतात, त्यामुळे गंजावरचे प्रकरण तर अलिबाग-रत्नागिरीच्या कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडेल.

लेखकाने रचना मॉडेलवार न करता करंटच्या वाटेने केली आहे: बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, स्विच, रिले आणि सर्वांत शेवटी दिवा. ज्याला आज रात्रीच बल्ब बदलायचा आहे तो वाचक सुरुवातीला वैतागेल, पण क्रम हाच योग्य आहे. प्रत्येक टप्प्यावर आधी मोजणे, मग हात घालणे, अशी शिस्त आहे. अर्थिंगवर लेखकाने जितकी पाने खर्च केली आहेत तितकी मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत, आणि ती कमी पडतील अशीच शंका आहे. क्रिंपिंग की सोल्डरिंग हा जुना वाद तो एका वाक्यात निकालात काढतो: चांगल्या पकडीने केलेले क्रिंपिंग, कारण सोल्डरच्या कडेला तार कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. पकडीवर खर्च करा, असे तो सांगतो, तेही पटण्याजोगे.

माझी एक तक्रार आहे. मागच्या दिव्यांना पुस्तकात फार थोडी जागा मिळाली आहे. पुढे काय आहे ते आपल्याला दिसावे म्हणून माणूस खर्च करतो, पण या बुटक्या गाड्यांच्या मागून आज उंच एसयूव्ही येते, आणि जुन्या होल्डरमधल्या गंजामुळे ब्रेकलाइट निम्म्या तेजाने पेटत असतो. तिथे तर रिलेचीही गरज नाही. होल्डर घासा, अर्थिंग नवी करा, परावर्तकाची चंदेरी झिलई तपासा, एवढ्याने काम भागते. पुढच्या आवृत्तीत हे वाढवावे.

शेवटच्या परिशिष्टातल्या आकृत्या आणि रंगांचे तक्ते छायाप्रत काढून गॅरेजच्या भिंतीवर लावण्याजोगे आहेत. मात्र जपानी कंपन्या वर्षाच्या मध्येच, कधी निव्वळ काही शे गाड्यांनंतर, वायरिंग बदलत असत. तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक आणि निर्मितीचा महिना पाहावा, आणि बॅटरीची ऋण वायर सोडवल्याशिवाय फ्यूजबॉक्सला हात लावू नये.